ज्यांची पहिली घरीच झाली
आपल्या प्राथमिक शाळेचा इतिहास : शैक्षणिक वर्ष २०२०-२१

शाळेची स्थापना, मान्यता, इमारत, स्नेहसंमेलने आणि गुणवंत विद्यार्थी यांचा वृत्तांत या स्मरणिकेत इतरत्र आला आहे. हे प्रकरण एकाच वर्षाचे आहे. २०२०-२१ या शैक्षणिक वर्षात आपल्या शाळेचा एकही वर्ग एकही दिवस भरला नाही. घंटा झाली नाही, परिपाठ झाला नाही, वार्षिक परीक्षा झाली नाही. तरीही त्या वर्षी पहिलीत नवे प्रवेश झाले, मुलांची नावे हजेरीपटावर चढली आणि वर्षाअखेर ती सारी मुले दुसरीत गेली. तीच तुकडी यंदा, २०२३-२४ मध्ये, चौथी पूर्ण करून आपला निरोप घेत आहे. त्यांच्या शिक्षणाचा पाया कुठे, कसा आणि कोणाच्या हातांनी घातला गेला हे ती जाण्याआधी लिहून ठेवावे, असे आम्हा शिक्षकांना मनापासून वाटले. कागदोपत्री हे वर्ष रिकामे दिसते. प्रत्यक्षात शाळेच्या आयुष्यातले सर्वाधिक श्रमाचे वर्ष तेच होते.

शाळा आणि तिची मुले

आपला भंडारा जिल्हा कॅथलिक चर्चच्या रचनेत नागपूर महाधर्मप्रांतात येतो. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली स्थापन झाला आणि १९५३ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याच्याही आधी, १८७० साली, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाची शाळा नागपुरात सुरू झाली होती. धर्म, जात, ऐपत न पाहता मुलाला शिकवायचे, ही तेव्हापासूनची रीत. आपली शाळा त्याच परंपरेतली, पण अगदी लहान. गावातले लोक तिला नुसते 'कॉन्व्हेंट' म्हणतात. कॅथलिक कुटुंबे मोजकी आहेत. बहुतेक मुले हिंदू आणि बौद्ध घरांतली, काही मुस्लिम.

पालकांत धान पिकवणारे शेतकरी आहेत, शेतमजूर आहेत, राईस मिलमधले कामगार, किराणा दुकानदार, एसटीचे वाहक आणि आशा सेविका आहेत. बहुतेकांचे स्वतःचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत झालेले. घरात बोलली जाते ती झाडीबोली. त्यामुळे आपल्या पहिलीच्या टीचरचे काम नेहमीच तिहेरी राहिले आहे. मूल घरून झाडीबोली घेऊन येते, मराठीच्या पुस्तकातली भाषा त्याहून वेगळी असते आणि बाकीचे विषय इंग्रजीत. या तिन्हींमध्ये मुलाला ने-आण करण्याचे काम वर्गात, मुलाजवळ बसून होते. २०२० साली नेमके हे जवळ बसणेच थांबले. पुढचा सारा इतिहास त्या एका गोष्टीभोवती फिरतो.

मार्च ते मे २०२०

महाराष्ट्रातील पहिले कोरोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. दोनच दिवसांत नागपुरात रुग्ण आढळल्याची बातमी आली आणि साथ आपल्या दाराशी आल्याचे सगळ्यांना उमगले. १३ मार्चला राज्य सरकारने १८९७चा साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. आधी शहरांतल्या आणि लगोलग ग्रामीण भागातल्या शाळा बंद करण्याचे आदेश निघाले. सुरुवातीचा आदेश ३१ मार्चपर्यंतचाच होता. मुलांनी वह्या बाकांच्या कप्प्यांत ठेवल्या, रंगपेट्या कपाटात राहिल्या. दोन आठवड्यांची सुट्टी म्हणून सगळे घरी गेले. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी आली. पहिल्या सत्रातल्या आणि आकारिक मूल्यमापनाच्या नोंदींवरून आम्ही निकालपत्रके तयार केली आणि मुलांना वर्गोन्नती दिली.

तो काळ उपवासकाळाचा होता. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, शुभ शुक्रवार १० एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला आला. चर्चचे दार बंद होते. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये रिकाम्या चौकात उभे राहून जगासाठी प्रार्थना केली, ती अनेक घरांनी मोबाइलवर पाहिली. त्याच आठवड्यांत मुंबई-कोलकाता महामार्गावरून छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडे निघालेले मजूर आपल्या जिल्ह्यातून पायी जात होते. भंडारा, लाखनी, साकोलीच्या रस्त्यावर गावकऱ्यांनी त्यांना पाणी, भात-वरण आणि चपला दिल्या. आपले पालकही त्यात होते. मुलांनी ते पाहिले. परिपाठात आम्ही शेजाऱ्यावर प्रेम करण्याची जी गोष्ट सांगत असू, ती त्यांच्यासमोर घडत होती.

पहिलीचा वर्ग मोबाइलवर

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. २०२० साली जून आला, पण शाळा उघडली नाही. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिलपासूनच 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला पाठवायला सुरुवात केली होती. दीक्षा ॲपवर धडे होते, ई-बालभारतीवर पुस्तके होती. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिच्यातून घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन शिकण्याची वाट अनेक आयांना सापडली. केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना १४ जुलैला आल्या. पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला ३० मिनिटे आणि पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे, अशी मर्यादा त्यांत होती. वरून साधने मिळाली होती. ती सहा वर्षांच्या मुलापर्यंत पोचवायची कशी, हे ज्याने त्याने शोधायचे होते.

आम्ही प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. पहिल्याच आठवड्यात अडचणी दिसल्या. घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांच्या खिशात. कुठे तोही नाही. कुठे फोन आहे पण रिचार्ज संपलेला, कुठे रेंजसाठी घराबाहेर किंवा गच्चीवर जावे लागे. त्यातच जुलै-ऑगस्ट म्हणजे रोवणीचा हंगाम. आई-वडील सकाळीच बांधीत जात, चिखलात दिवसभर पऱ्हे लावून संध्याकाळी परतत. सकाळी अकराला पाठवलेला धडा रात्री आठला उघडला जाई. म्हणून टीचरांनी शाळेची वेळच बदलली. पहिली-दुसरीची तासिका संध्याकाळी, घरी फोन परतल्यानंतर. थेट व्हिडिओ वर्ग चालत नसे, म्हणून छोट्या ध्वनिफिती केल्या. एका दिवशी एक अक्षर, त्याचा उच्चार, त्या आवाजाने सुरू होणाऱ्या चार वस्तू, एक गाणे. मुलाने तेच म्हणून परत पाठवायचे. त्या आवाजांतून टीचरांना मुले ओळखू येऊ लागली. चेहरा न पाहिलेल्या मुलाचा 'र' अजून 'ल' होतो, हे त्यांना ठाऊक झाले.

ज्या घरांत फोन नव्हता, तिथे कागद गेला. स्वाध्यायपत्रिकांच्या झेरॉक्स काढून गावोगावच्या किराणा दुकानांत ठेवल्या. पालक सामान घ्यायला येत तेव्हा पत्रिका नेत आणि मागच्या आठवड्याची सोडवलेली पत्रिका ठेवून जात. या दुकानदारांनी त्या वर्षी शाळेचे जे काम केले, त्याची नोंद शाळेच्या इतिहासात झालीच पाहिजे.

तरीही पहिलीतले काही काम दुरून होत नाही. पेन्सिल कशी धरावी हे मुलाचा हात हातात घेऊन शिकवावे लागते. फोटोत अक्षर पूर्ण झालेले दिसते, पण ते वरून खाली काढले की खालून वर, हे फोटो सांगत नाही. 'बी' आणि 'डी' उलटसुलट काढणारे मूल वर्गात टीचरला लगेच दिसते. फोनवर ते कित्येक आठवडे लपून राहते. अनेक वह्यांतले सुबक अक्षर आईचे किंवा मोठ्या ताईचे असे. यात पालकांचा दोष नाही. दिवसभर शेतात राबून आलेली आई मुलाचा अभ्यास वेळेत पोचावा म्हणून त्याच्या हातातली पेन्सिल आपल्या हातात घेई. पण त्यामुळे मुलाला नेमके काय येते, हे आम्हाला कळेनासे झाले. इंग्रजीच्या बाबतीत तर घरात विचारायला कोणीच नव्हते. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द वापरात नाही, तिथे ध्वनिफीत तीनदा ऐकूनही मूल एकटेच राही.

शाळेची आर्थिक बाजूही सांगितली पाहिजे. ८ मे २०२०च्या शासन निर्णयाने त्या वर्षी शुल्कवाढीस मनाई केली होती. ती रास्त होती, कारण पालकांची मजुरीच थांबली होती. शुल्क थोडे थोडे येत राहिले. शिक्षकांचे पगार काही महिने उशिरा आणि कमी झाले. घरची ओढाताण सोसून आपल्या सहकाऱ्यांनी रोजची ध्वनिफीत पाठवणे थांबवले नाही. सिस्टरांनी स्वतः झेरॉक्सचे गठ्ठे वाहिले. शाळेच्या शिपाईमामांनी गावे फिरून पत्रिका पोचवल्या. एकाही मुलाचे नाव शुल्कासाठी ग्रुपमधून काढले गेले नाही.

पूर, नाताळ आणि जानेवारी

साथ चालू असतानाच ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. मध्य प्रदेशात झालेल्या अतिवृष्टीने सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले. गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडले गेले. भंडारा शहराच्या सखल वस्त्या आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. उभा धान बुडाला. घरात पाणी शिरलेल्या मुलांची पुस्तके, वह्या आणि कुठे घरातला एकुलता एक फोनही गेला. ज्या मुलांना शाळेत येता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत आमचे पोचणेही तुटले. माजी विद्यार्थ्यांनी जुनी पुस्तके गोळा केली आणि सप्टेंबरमध्ये ती घरोघरी पोचली. जुन्या पुस्तकांतल्या आधीच सोडवलेल्या चौकटी खोडरबराने पुसून देण्याचे काम चौथीच्या मुलांनी घरी बसून केले.

राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी उघडली. नाताळच्या मिस्सेला ५० लोकांची मर्यादा होती. दरवर्षी शाळेच्या पटांगणात उभी राहणारी गव्हाणी त्या वर्षी घराघरांत झाली. धानाची चुरणी नुकतीच झालेली असल्याने तणस प्रत्येक घरी होती. मुलांनी तणशीचे छप्पर केले, मातीची जनावरे केली आणि फोटो पाठवले. त्यांत कॅथलिक घरे थोडी, बाकीची इतर होती. एका बालकाला गोठ्यात जागा मिळाली ही गोष्ट या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. गोठा त्यांच्या घरालगतच असतो.

मग ९ जानेवारी २०२१ची पहाट आली. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बालके दगावली. सात बालकांना वाचवता आले. त्या दिवशी वर्गांच्या ग्रुपवर कोणताही धडा गेला नाही. आमच्या अनेक मुलांचा जन्म त्याच रुग्णालयात झालेला होता. संध्याकाळी शिक्षक, सिस्टर आणि पालकांनी आपापल्या घरी, आपापल्या रीतीने त्या बालकांसाठी प्रार्थना केली. लहान मुलांसाठी उभ्या असलेल्या संस्थेने त्यांच्या सुरक्षिततेकडे कसे पाहावे, याचा विचार त्या दिवसानंतर आमच्या प्रत्येक बैठकीत होत आला. शाळेतली विजेची जोडणी, आग विझवण्याची साधने आणि बाहेर पडण्याचे मार्ग आज दरवर्षी तपासले जातात ते त्यामुळेच.

२७ जानेवारी २०२१ रोजी राज्याच्या बऱ्याच भागांत पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास २३ नोव्हेंबरपासूनच परवानगी मिळाली होती. पहिली ते चौथी मात्र बंदच राहिली. एकाच घरातली मोठी ताई दप्तर घेऊन निघे आणि धाकटा दारात उभा राहून आपली शाळा कधी, असे विचारी. ज्यांना शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यांचा क्रम शेवटी लागला. संसर्गाच्या भीतीने घेतलेला तो निर्णय होता आणि त्या वेळी त्यामागे काळजी होती. त्याची किंमत मात्र सर्वांत लहान मुलांनी मोजली.

दुसरी लाट आणि उघडलेले दार

३ एप्रिल २०२१ रोजी पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वर्गोन्नती जाहीर झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या लाटेने जिल्हा हादरला. प्राणवायूसाठी, रुग्णालयातल्या खाटेसाठी माणसे रात्र रात्र धावत होती. आपल्या शाळेच्या काही कुटुंबांनीही जवळची माणसे गमावली. घरातला कर्ता गेलेल्या मुलांची यादी आम्ही वेगळी ठेवली. बाल संगोपन योजना आणि अनाथ बालकांसाठीच्या शासकीय मदतीचे अर्ज भरायला शिक्षकांनी पालकांबरोबर बसून मदत केली. या मुलांचे शुल्क पुढे शाळेने घेतले नाही.

१ जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला. तोही आम्हाला फोन आणि पत्रिकांवरच घ्यावा लागला. अखेर १ डिसेंबर २०२१ रोजी पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. जानेवारीत ओमिक्रॉनमुळे पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारी २०२२ पासून परत सुरू झाले.

त्या डिसेंबरात दुसरीच्या वर्गात आलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. रांग कशी करायची, बाकावर शेजाऱ्याला जागा कशी द्यायची, बाथरूमला जायचे तर कोणाला विचारायचे, हे सारे त्यांना नवे होते. मास्कमुळे टीचरचा चेहरा अर्धाच दिसे. काही मुले टीचर बोलू लागताच हसली, कारण तो आवाज त्यांना वर्षभरापासून ओळखीचा होता. काही मुले आईचा पदर सोडेनात. आम्ही पहिले दोन आठवडे पुस्तक उघडलेच नाही. खेळ, गाणी, डबा एकत्र खाणे आणि एकमेकांची नावे शिकणे, एवढेच केले.

त्यानंतर प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचून घेतले. दुसरीतली अनेक मुले अक्षरे ओळखत, पण ती जोडून शब्द वाचता येत नव्हता. चौथीतल्या काही मुलांची वजाबाकी हातच्यापाशी अडत होती. हे एकट्या आपल्या शाळेचे नव्हते. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगड आणि मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या सरकारी शाळांची पाहणी केली होती. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांची आधी येत असलेली किमान एक भाषिक क्षमता हरवल्याचे तीत आढळले. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ साली २७.३ टक्के होती. २०२२ साली ती २०.५ टक्क्यांवर आली. या आकड्यांतले प्रत्येक मूल कुठल्या तरी शाळेच्या बाकावर बसलेले असते. आपल्या बाकांवरची मुले आम्ही नावाने ओळखत होतो.

त्यानंतर काय केले

तिसरीत गेलेल्या या तुकडीला आम्ही इयत्तेप्रमाणे न शिकवता त्यांच्या वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवले. रोजचा पहिला तास वाचनाचा ठेवला. त्यात मराठी आणि इंग्रजी आलटून पालटून येई. मुले घरची बोली बोलली तर तिला थांबवले नाही. झाडीबोलीत सांगितलेली गोष्ट टीचर फळ्यावर लिहीत आणि मुले तीच वाचत, त्यामुळे वाचलेल्याचा अर्थ आपोआप लागे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे उद्दिष्ट जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही ठेवले आहे. त्याची निकड आम्हाला वर्गात रोज दिसत होती.

महासाथीच्या वर्षातल्या काही गोष्टी आम्ही सोडल्या नाहीत. रोवणीच्या काळात पालकसभा संध्याकाळी होते. प्रत्येक वर्गशिक्षिका वर्षातून एकदा तरी मुलाच्या घरी जाते. गोष्टींची पुस्तके पेटीत घालून गावात पाठवली जातात आणि तीच किराणा दुकाने आजही त्यांची ठिकाणे आहेत. आईला अक्षर येत असेल तर तिने मुलाजवळ बसून वाचावे, येत नसेल तर मुलाने तिला वाचून दाखवावे, एवढाच गृहपाठ शनिवारी दिला जातो.

आज चौथीतून बाहेर पडणारी बहुतेक मुले मराठी उतारा समजून वाचतात आणि इंग्रजीची साधी वाक्ये लिहितात. काहींचे वाचन अजून अडखळते, काहींचे अक्षर अजून कष्टाने उतरते. त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत जे हुकले, ते सारे भरून निघाले असे आम्ही म्हणणार नाही. पण ही मुले फार लवकर बरेच काही शिकली आहेत. आपल्या टीचरचा आवाज ऐकून एकट्याने अभ्यास करणे, घरातल्या मोठ्यांचे कष्ट पाहणे, पुरात आणि आजारपणात शेजाऱ्याला धरून राहणे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना आले.

या निमित्ताने पालकांचे, विशेषतः दिवसभर बांधीत राबून रात्री मुलाच्या वहीशी बसलेल्या आयांचे, शाळा मनापासून ऋण मानते. पेन्सिल कधी त्यांनी हातात घेतली असेल, पण दप्तर त्यांनी खाली ठेवू दिले नाही. दुकानदारांचे, माजी विद्यार्थ्यांचे, शिपाईमामांचे आणि कमी पगारात पूर्ण काम केलेल्या सर्व शिक्षिकांचेही ऋण आहे.

जूनमध्ये ही मुले भंडारा, लाखनी, साकोली, तुमसर परिसरातल्या वेगवेगळ्या शाळांत पाचवीत जातील. तिथल्या मुख्याध्यापकांना आणि शिक्षकांना आमची एक विनंती आहे. दाखल्यासोबत प्रत्येक मुलाच्या वाचनाची आणि गणिताची नोंदवही आम्ही देत आहोत, ती कृपया वाचा. एखादे मूल मागे दिसले तर त्याच्या जन्मसालावरून हिशेब करा, त्याची पहिली कुठे झाली हे लक्षात येईल. त्याला हुशार किंवा मठ्ठ ठरवण्याआधी एक वर्ष जवळ बसवून वाचून घ्या. त्याला जे मिळायचे राहिले आहे ते देण्यात आमचे शिक्षक तुमच्यासोबत राहतील. पाचवीनंतरही या मुलांसाठी दर शनिवारी आपल्या शाळेचा वाचनवर्ग खुला असेल आणि ही तुकडी दहावी होईपर्यंत तो चालू ठेवण्याचा ठराव शाळा व्यवस्थापनाने केला आहे.